लंडनमध्ये घरासमोर गाडी लावायची तर…

लंडनमध्ये भाड्याचं घर शोधताना जाहिरातीत 'परमिट-फ्री' असं वाचलं की आपल्या माणसाचा चेहरा खुलतो. वा, परमिट फुकट! अर्थ नेमका उलटा आहे. त्या पत्त्यावर राहणाऱ्याला रस्त्यावर गाडी लावायचं परमिट मिळणार नाही. आज नाही, पुढच्या वर्षीही नाही. 'कार-फ्री' लिहिलं असेल तरी तेच. म्हणून हा लेख गाडीपासून नाही, घरापासून सुरू करतो.

घराचं डिपॉझिट भरण्याआधी

ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, स्टेशनजवळ नवी इमारत बांधायला परवानगी देताना कौन्सिल, म्हणजे इथली स्थानिक पालिका, अनेकदा बिल्डरशी करार करते, की इथल्या रहिवाशांना रस्त्यावरच्या पार्किंगचं परमिट मागता येणार नाही. ही अट माणसाला नाही, पत्त्याला चिकटलेली असते. तुम्ही मालक आहात की भाडेकरू, मुलं किती, ऑफिस किती लांब, याला तिथे काही किंमत नाही. शेजारच्या जुन्या विटांच्या घरातल्या आजीबाईंना परमिट मिळतं आणि तुमच्या चकचकीत टॉवरमधल्या कुणालाच मिळत नाही, हे दृश्य इथे नेहमीचं आहे.

एजंटला विचारलं तर तो 'रस्त्यावर पार्किंग उपलब्ध आहे' असं सांगेल. ते खोटं नसतं. रस्त्यावर पार्किंग असतंच, फक्त तुमच्यासाठी नसतं. त्यामुळे कौन्सिलच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकून थांबू नका. फ्लॅटच्या नंबरासकट पूर्ण पत्ता देऊन कौन्सिलला ईमेल करा: या पत्त्याला रहिवासी परमिट मिळतं का, कुठल्या झोनचं, आणि एका घराला किती. लेखी उत्तर आलं की मगच सही करा. हे काम दहा मिनिटांचं आहे. ते न करणाऱ्यांनी वर्षभर घरापासून वीस मिनिटांवर गाडी लावलेली मी पाहिली आहे.

कौन्सिल कुठली, हेही नीट बघा. पार्किंगच्या बाबतीत लंडन हे एक शहर नाहीच. ३२ बरो, म्हणजे आपापली कौन्सिल असलेले विभाग, आणि शिवाय सिटी ऑफ लंडन, प्रत्येकाचे नियम, दर आणि वेळा वेगळ्या. काही रस्त्यांच्या डाव्या फुटपाथला एक कौन्सिल तर उजव्याला दुसरी. मोठ्या हमरस्त्यांवर लाल रेघा दिसल्या की तिथे बहुतेक वेळा ट्रान्सपोर्ट फॉर लंडन या शहराच्या वाहतूक संस्थेचा कारभार. मित्राने हॅरोमधला अनुभव सांगितला म्हणून तो ब्रेंटमध्ये लागू पडेल असं धरून चालू नका.

गल्ली वाचायला शिका

पुण्यात सम-विषम तारखांचे पी-१, पी-२ बोर्ड पाठ असलेल्या माणसाला इथलंही जमतं. फरक एवढाच की इथे बोर्ड नेहमी गाडीशेजारी नसतो.

लंडनचा बराचसा भाग सीपीझेडमध्ये, म्हणजे नियंत्रित पार्किंगच्या झोनमध्ये, वाटलेला आहे. झोनमध्ये शिरताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खांबांवर मोठी पाटी असते. झोनचं नाव आणि निर्बंधाची वेळ त्यावर लिहिलेली. एकदा आत शिरलात की एकेरी पिवळ्या रेघेजवळ वेगळी पाटी लावायची गरज नसते, वेशीवरचीच वेळ सगळीकडे लागू. नवा माणूस रेघेपाशी गाडी उभी करतो, आजूबाजूला पाटी शोधतो, दिसत नाही म्हणून खूश होऊन जातो. त्याची पाटी मागे, चार वळणांपूर्वी राहिलेली असते. गाडी लावल्यावर शंका असेल तर ज्या कोपऱ्यावरून आलात तिथपर्यंत चालत जाऊन पाटी वाचा, आणि मोबाइलवर तिचा फोटो काढा.

दुहेरी पिवळी रेघ म्हणजे चोवीस तास, वर्षभर बंद. तिला पाटी लागत नाही. पिवळ्या रेघेवर माणसं उतरवायला किंवा चढवायला थांबता येतं, सामान चढवता-उतरवता येतं. पण फुटपाथच्या कडेवर छोट्या आडव्या पिवळ्या खुणा असतील तर सामानालाही बंदी, आणि त्याची वेळ जवळच्या पाटीवर असते. दुहेरी लाल रेघेवर मात्र विमानतळावरून आणलेल्या सासूबाईंनाही उतरवायचं नाही. कॅमेऱ्यात दिसलं की दंडाची चिठ्ठी थेट घरी येते.

पांढऱ्या तुटक रेघांनी आखलेल्या चौकोनाला 'बे' म्हणतात. बेजवळच्या पाटीवर 'परमिट होल्डर्स ओन्ली' आणि झोनचा कोड असेल तर तो रहिवाशांचा. त्याच पाटीवर पैसे भरून थांबायचाही पर्याय असेल तर ती सामायिक जागा. आणखी एक प्रकार अलीकडे बऱ्याच शांत गल्ल्यांत दिसतो: आत ना बे, ना रेघ, फक्त तोंडाशी एक पाटी, की 'इथून पुढे फक्त परमिटधारक'. रस्ता इतका मोकळा आणि भोळा दिसतो की माणूस हमखास फसतो.

उपनगरातल्या वेळा बघून हसू येतं. सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते अकरा. बस्स, एक तास! पण त्यात गनिमी कावा आहे. बाहेरून गाडी घेऊन येणारे नोकरदार स्टेशनजवळच्या गल्लीत दिवसभर गाडी ठेवून ट्यूबने शहरात जातात. त्यांना हटवायला मधला एक तास अडवला तरी पुरतं, आणि रहिवाशाच्या पाहुण्यांना बाकीचा दिवस मोकळा राहतो. आतल्या भागात मात्र सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा किंवा त्याहून उशिरापर्यंत निर्बंध असतात, आणि शनिवार-रविवारही सुटत नाही. बँक हॉलिडेला सूट आहे का, हे बरोवर अवलंबून. सुट्टी म्हणजे सूट असं गृहीत धरू नका.

स्टेडियमजवळ राहायला गेलात तर एक वेगळंच पंचांग सांभाळावं लागतं. वेंबली, आर्सेनलचं एमिरेट्स आणि टॉटनहॅमच्या आसपास सामन्याच्या किंवा मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी जादा निर्बंध लागतात. वेंबलीत ते मध्यरात्रीपर्यंत चालतात. एरवी मोकळा असलेला रस्ता त्या दिवशी बंद. कार्यक्रमांच्या तारखा आधीच जाहीर होतात, त्या फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. वेंबलीतल्या घरी साखरपुडा ठरवण्याआधी तर आवर्जून बघा.

पाटी नसतानाही लागू होणारे दोन नियम वेगळे सांगतो, कारण लेस्टर किंवा मँचेस्टरहून लंडनला आलेले लोक यात अडकतात. पहिला, फुटपाथ. १९७४ च्या कायद्यानुसार लंडनभर फुटपाथवर गाडी लावायला बंदी आहे. एक चाक जरी वर चढलं तरी दंड, जिथे पाटी लावून मुद्दाम परवानगी दिली आहे तेवढं सोडून. दुसरा, फुटपाथची उतरती कड. जिथे फुटपाथची कड रस्त्याला टेकवलेली आहे, ती कुणाच्या तरी ड्राइव्हवेसाठी किंवा व्हीलचेअर, बाबागाडी उतरवण्यासाठी असते. तिच्यासमोर गाडी नको. आपल्याकडे घरमालक 'गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल' अशी पाटी रंगवतो. इथला घरमालक शांतपणे कौन्सिलला फोन करतो.

परमिटचा अर्ज

अर्ज ऑनलाइन होतो. दोन गोष्टी सिद्ध करायच्या असतात: तुम्ही तिथे राहता, आणि गाडी तुमच्याकडे त्या पत्त्यावर आहे. राहण्यासाठी भाडेकरार किंवा कौन्सिल टॅक्सचं बिल चालतं. गाडीसाठी मुख्य कागद म्हणजे व्ही-५-सी, ज्याला सगळे लॉगबुक म्हणतात. त्यावर तुमचं नाव आणि हाच पत्ता हवा. काही कौन्सिल विम्याचा कागदही मागतात.

खरी अडचण घर बदलताना येते. लॉगबुकवर जुना पत्ता, करारावर नवा, आणि अर्ज परत. म्हणून घराच्या किल्ल्या मिळाल्या त्याच दिवशी डीव्हीएलएकडे, म्हणजे गाड्या आणि लायसन्सची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीकडे, लॉगबुकचा पत्ता बदला. ऑनलाइन होतं आणि फुकट आहे. न बदलल्यास १,००० पौंडांपर्यंत दंडाची तरतूद आहे, ती वेगळीच. लायसन्सवरचा पत्ता बदलला म्हणजे लॉगबुकचा आपोआप बदलतो असं नाही, दोन्ही वेगवेगळे करावे लागतात. विमा कंपनीलाही त्याच बैठकीत कळवून टाका.

गाडी नुकतीच घेतली असेल तर लॉगबुक यायला वेळ लागतो. अशा वेळी पुष्कळ कौन्सिल लॉगबुकमधली नव्या मालकाची हिरवी चिठ्ठी किंवा खरेदीची पावती बघून थोड्या आठवड्यांचं तात्पुरतं परमिट देतात. गाडी कंपनीची किंवा लीजवर असेल तर कंपनीचं पत्र लागतं, त्यात तुमचं नाव, पत्ता आणि गाडीचा नंबर तिन्ही हवेत. एचआरकडून असं पत्र मिळवायला किती दिवस लागतात ते तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा ते आधी मागा.

बहुतेक ठिकाणी आता काचेवर चिकटवायचा कागद उरलेला नाही. परमिट म्हणजे गाडीचा नंबर आणि कौन्सिलच्या यादीतली एक ओळ. पार्किंग तपासणारा वॉर्डन हातातल्या यंत्रात नंबर टाकतो, यादीत आहे की नाही ते बघतो आणि पुढे जातो. याचे दोन परिणाम. एक, नंबर टाइप करताना 'ओ' हे अक्षर आणि शून्य यांची गल्लत झाली तर तुमचं परमिट असून नसल्यासारखं. २००१ नंतरच्या नेहमीच्या नंबरात आधी दोन अक्षरं, मग दोन आकडे, मग तीन अक्षरं, एवढं लक्षात ठेवलं की कुठे शून्य आणि कुठे 'ओ' ते कळतं. दोन, गाडी गॅरेजमध्ये गेली आणि त्यांनी बदली गाडी दिली, तर तिचा नंबर यादीत नाही. खात्यात जाऊन तात्पुरता बदल करावा लागतो, आणि आपली गाडी परत आली की पुन्हा उलटा बदल. हा उलटा बदल लोक विसरतात.

पैसे किती

दर दरवर्षी बदलतात आणि शेजारशेजारच्या बरोंमध्येही जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून आकडा कौन्सिलच्या पानावरच बघा. ठरवण्याची पद्धत मात्र बऱ्याच ठिकाणी सारखी आहे: गाडी किलोमीटरला किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते त्यावर पट्टे. विजेची गाडी स्वस्त, मोठी पेट्रोल महाग, डिझेलला अनेक ठिकाणी वर अधिभार. घरातल्या दुसऱ्या गाडीला जास्त, तिसरीला त्याहून जास्त. हा ग्रॅमचा आकडा लॉगबुकवर छापलेला असतो. सेकंडहँड गाडी बघायला जाताना विक्रेत्याला तो विचारा. पाचशे पौंड स्वस्त मिळालेली जुनी डिझेल दोन-तीन वर्षांच्या परमिटमध्ये ते पैसे परत घेऊ शकते. शिवाय ऑगस्ट २०२३ पासून अख्ख्या लंडनमध्ये युलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर रोजचा आकार, आहे. निकषांत न बसणारी गाडी चालवली त्या दिवशी १२.५० पौंड. नुसती उभी राहिली तर लागत नाही.

कौन्सिल पार्किंगवर गल्ला भरते, अशी तक्रार इथे घरोघरी ऐकू येते. बार्नेटने २०११ मध्ये पहिल्या गाडीचं परमिट ४० पौंडांवरून १०० वर आणि पाहुण्यांच्या गाडीचं व्हाउचर १ वरून ४ वर नेलं, तेव्हा एक रहिवासी हायकोर्टात गेला. २०१३ मध्ये कोर्टाने ती वाढ बेकायदा ठरवली. रस्ते आणि वाहतुकीच्या इतर खर्चासाठी पैसा उभारायचा म्हणून परमिटचे दर वाढवता येत नाहीत, असा निकालाचा गाभा. दर वाढवायच्या प्रस्तावावर सल्लामसलतीची नोटीस आली, तर हा निकाल आठवा आणि दोन ओळी लिहून पाठवा.

परमिट मिळालं, जागा नाही

पैसे भरून मिळतो तो जागा शोधायचा हक्क. जागा स्वतः मिळत नाही. घरासमोरचा बे तुमचा नाही, शेजाऱ्याने तिथे गाडी लावली तर भांडायला जाऊ नका. त्याने कुंडी किंवा कोन ठेवून जागा अडवली असेल तर मात्र तोही चुकला आहे. परमिट तुमच्या झोनपुरतंच चालतं. रस्ता ओलांडून शेजारच्या झोनच्या बेमध्ये लावली तर परमिट नसल्यासारखाच दंड.

पाहुणे, पूजा आणि व्हाउचर

पाहुण्यांच्या गाड्यांसाठी व्हिजिटर परमिट मिळतं, तासाचं किंवा दिवसाचं. पूर्वी खरवडायची कार्डं असायची, आता बहुतेक ठिकाणी अ‍ॅप. वर्षाला किती घेता येतील यावर मर्यादा असते. व्हाउचर पाहुण्याने नाही, यजमानाने आपल्या खात्यातून चालू करायचं असतं, म्हणून आमंत्रणाच्या निरोपातच 'गाडीचा नंबर पाठवा' असं लिहायची सवय लावून घ्या. पाहुणा दारात पोचला की आधी व्हाउचर, मग पाणी. गप्पांत अर्धा तास गेला आणि वॉर्डन येऊन गेला तर मग चहा कडू लागतो.

थोडी हुशारी वापरली तर व्हाउचर वाचतात. एका तासाच्या झोनमध्ये दुपारनंतर बोलवा. दीड दिवसाच्या गणपतीला येणाऱ्यांना निर्बंध संपल्यानंतरची आरतीची वेळ द्या. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात किंवा कुणाच्या हॉलवर कार्यक्रमाला जाताना आजूबाजूच्या गल्लीची पाटी स्वतः वाचा. पुढच्या गाडीवाल्याने लावली म्हणून आपण लावली, हे कारण कुणी ऐकून घेत नाही. पुढच्या गाडीवाल्याकडे परमिट असू शकतं.

भारतात जाताना

डिसेंबरात चार आठवडे पुण्याला जाऊन आलो तर घरासमोर गाडी नाही. खांबावर पिवळी पाटी: बे सस्पेंडेड, अमुक तारखा, अमुक घर क्रमांकांसमोर. आम्ही विमानात बसल्यावर तिसऱ्या दिवशी ती लागली होती. गॅसवाल्यांना रस्ता खणायचा होता. गाडी पुढच्या गल्लीत हलवून ठेवलेली सापडली, काचेवर दंडाच्या चिठ्ठीसकट.

सस्पेन्शनपुढे परमिट चालत नाही. बे तात्पुरता बंद झाला की तिथे गाडी ठेवायचा हक्कही बंद. 'मी देशाबाहेर होतो' हे ऐकून अधिकारी सहानुभूती दाखवेल, पण दंड माफ करेलच असं नाही. म्हणून लांब जाताना एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्या आणि आठवड्यातून एकदा पिवळी पाटी बघायला सांगा. मात्र त्याने गाडी हलवायची तर तुमच्या विम्यात त्याचं नाव हवं. परमिट, रोड टॅक्स, एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) आणि विमा, यातलं काही मधल्या काळात संपत नाही ना ते तपासा. टॅक्स नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीही ठेवता येत नाही.

परत आल्यावर गाडी दिसलीच नाही तर लगेच चोरीची तक्रार करू नका. उचलून नेलेल्या किंवा हलवलेल्या गाड्या शोधायला लंडनसाठी 'ट्रेस' नावाची सेवा आहे, नंबर टाकला की कुठे आहे ते कळतं. पाउंडमध्ये, म्हणजे उचललेल्या गाड्या ठेवायच्या आवारात, नेली असेल तर दंड, सोडवायची फी आणि रोजचं भाडं असं तिहेरी बिल चढत जातं, तेव्हा जेट लॅग बाजूला ठेवून त्याच दिवशी जा.

चिठ्ठी आलीच तर

पहिली गोष्ट, गाडी हलवण्याआधी फोटो काढा. गाडी, रेघा, पाटी, पाटीपासूनचं अंतर, बेची पुसट झालेली कड, झाडाच्या फांद्यांनी झाकलेला खांब, सगळं. चिठ्ठीवर गुन्ह्याचा कोड, वेळ आणि ठिकाण असतं. ते जुळतं का बघा. रस्त्याचं नाव चुकलेलं असणं ही लहान गोष्ट नाही.

एप्रिल २०२५ पासून लंडनमधला दंड गुन्हा आणि भाग बघून १६० पौंडांपर्यंत जातो. १४ दिवसांत भरला तर निम्मा. इथे निर्णय घ्यायचा: भरायचा की लढायचा. दोन्ही जमत नाही, कारण पैसे भरले की प्रकरण संपलं. लढायचं तर त्या १४ दिवसांच्या आतच ऑनलाइन हरकत नोंदवा. ती फेटाळली तरी कौन्सिल सहसा निम्म्याची सवलत पुन्हा देते. त्यामुळे बाजू खरी असेल तर पहिल्या फेरीत फारसं गमवायचं नसतं.

काय चालतं? पैसे भरलेल्या जागेत वेळ संपून दहा मिनिटांच्या आत चिठ्ठी लावली असेल तर ती टिकत नाही, २०१५ पासून इंग्लंडभर तेवढी सवलत आहे. पण ती कायदेशीर लावलेल्या गाडीला. पिवळ्या रेघेवर दहा मिनिटं फुकट, असा त्याचा अर्थ नाही. व्हाउचर वैध होतं पण नंबरात एक अक्षर चुकलं, तर पावतीसकट लिहा, पहिल्या वेळी अनेकदा सोडतात. पाटी चुकीची किंवा नसलेली, सामान उतरवत असल्याचा पुरावा, गाडी आधीच विकलेली, ही कारणंही भक्कम. 'पाटी दिसली नाही', 'पाचच मिनिटं', 'नवीन आहे' ही कारणं नाहीत. पत्रात वॉर्डनला शिव्या नकोत. चार ओळी, तारीख, फोटो, मागणी.

हरकत फेटाळली आणि पैसेही भरले नाहीत, तर गाडीच्या नोंदणीकृत मालकाला 'नोटीस टू ओनर' पोस्टाने येते. तिच्यावर २८ दिवसांत औपचारिक निवेदन द्यायचं. तेही नाकारलं की लंडन ट्रायब्युनल्सकडे अपील, त्यालाही २८ दिवस. फी नाही, वकील नको, फोनवरही सुनावणी होते आणि निर्णय देणारा कौन्सिलचा नोकर नसतो. बरेच लोक या पायरीला घाबरून मागे फिरतात. मला तीच सगळ्यात समजूतदार पायरी वाटली.

पत्रं न उघडता ड्रॉवरमध्ये टाकणं मात्र महागात पडतं. 'चार्ज सर्टिफिकेट' आलं की रक्कम दीडपट, मग नॉर्थॅम्प्टनच्या वाहतूक-दंड वसुली केंद्रात कर्ज म्हणून नोंद, मग दारात वसुलीवाले आणि त्यांची वेगळी फी. लॉगबुकवर जुना पत्ता राहिला असेल तर ही सगळी पत्रं जुन्या घरी जातात आणि तुम्हाला पहिली बातमी वसुलीवाल्याकडूनच कळते.

आणि चिठ्ठी कुणाची आहे ते आधी वाचा. कौन्सिलची ती 'पेनल्टी चार्ज नोटीस'. सुपरमार्केट किंवा खासगी आवारातली 'पार्किंग चार्ज नोटीस'. दोन्हींची आद्याक्षरं पीसीएन, दोन्हींचं पाकीट सारखंच दटावणारं. खासगी चिठ्ठी म्हणजे कायद्याचा दंड नाही, कराराच्या पैशांची मागणी. म्हणून ती केराच्या टोपलीत टाका असा सल्ला ग्रुपवर अजून फिरतो. तो जुना झाला. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशाच एका कार पार्कची ८५ पौंडांची मागणी वैध ठरवली. खासगी चिठ्ठीवर आधी त्या कंपनीकडेच हरकत घ्यायची, आणि तिने नकार दिला की तिच्या संघटनेच्या अपील सेवेकडे जायचं. ती कुठली, ते नकाराच्या पत्रात शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.